येतो म्हणून गेलेला बगळा: अंगणवाडीतल्या वजाबाकीच्या नोंदी

24 जून 2024

नवी वही, शंभर पानी. भाची पुण्याला बालविकास शिकते. मे महिन्यात आंबे खायला आली होती तेव्हा म्हणाली, "आत्या, जे घडतं ते त्याच दिवशी लिहून ठेव. आठवड्याने लिहायला बसलीस की सगळं गोड गोड होतं."

विषय वजाबाकी. मार्चमध्ये एका आईने नातेवाइकांच्या मुलाची वही आणून दाखवली होती. पाच फुगे, त्यातल्या दोनांवर फुली, पुढे उत्तराची चौकट. "ताई, आपल्या पोरांना हे कधी शिकवणार?" मी तेच चित्र आमच्या मुलांसमोर धरलं. त्यांनी फुगे मोजले. पाच. फुली मारलेला फुगाही फुगाच. पोरांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पटावर अठरा मुलं. प्रकल्पाला चार ते सहा वयाची नऊच धरली. नावं लिहिणार नाही. दप्तर अडकवायच्या खुंटीवर प्रत्येकाचं एक चित्र आहे, वाचता येत नसलं तरी आपली खुंटी सापडावी म्हणून. त्याच नावांनी लिहिते: मासा, पणती, छत्री, होडी, ससा, बैल, कमळ, घंटा, पतंग.

सामान म्हणजे फणसाच्या आठळ्या. वाळवलेल्या, पांढऱ्या सालीच्या, घरात डबाभर आहेत. मागच्या वर्षी चिंचोके घेतले होते, त्यातला एक एका नाकात गेला आणि सकाळ आरोग्य केंद्रात गेली. आठळी नाकात जात नाही. 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालवाडी सुरू केली तेव्हा महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंख, शिंपले, बिया, खडे घेतले. आमच्या प्रशिक्षणात हे सांगतात. नाकाचं मात्र सांगत नाहीत.

आज फक्त एवढंच पाहिलं: "मला पाच आठळ्या दे." आकडे म्हणायला सगळी वीसपर्यंत जातात, घंटा तर पन्नासपर्यंत. पण मागितल्यावर मोजून पाच दिल्या चौघांनी. बैल, पतंग आणि घंटा यांनी मूठ भरून दिली. सशाने तीन बरोबर दिल्या, पाचाला गोंधळली. छत्रीने काहीच दिलं नाही, माझ्याकडे बघत राहिली. पन्नास म्हणणारीला पाच काढून देता येत नाहीत, हे पालकांच्या सभेत कसं सांगायचं बघू. "पाच" म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, तर समोरचा सगळा ढीग, हे बसल्याशिवाय त्यातून काही काढण्यात अर्थ नाही. म्हणून पहिले दिवस आकडा तीनापर्यंतच, आणि ज्यांना झेपेल त्यांना पाच.

27 जून

पहिली गोष्ट. घोंगडीची घडी म्हणजे म्हैस. आठळ्या म्हणजे बगळे. सध्या लावणी चालू आहे, म्हशीच्या पाठीवरचे बगळे मुलं येता-जाता बघतातच.

म्हशीच्या पाठीवर पाच बगळे बसले. म्हशीने शेपूट हलवली. एका बगळ्याला फटका बसला. तो म्हणाला, "येतो गं म्हशीबाई!"

"आता किती राहिले?"

मासा म्हणाला, "सहा."

मासा म्हणजे माझा सगळ्यात पक्का मोजणारा. मला वाटलं ऐकलं नसेल, म्हणून परत सांगितलं. तो परत सहा म्हणाला आणि डब्यातून एक आठळी काढून घोंगडीवर ठेवली. वर मलाच समजावलं, "तो येतो म्हनला ना!"

वहिनी (आमच्या मदतनीस) तांदूळ निवडत होत्या, हसून हसून सूप खाली ठेवावं लागलं.

रात्री डोक्यातून जाईना. आपल्या घरात 'जातो' म्हणायचं नाही. निघताना 'येतो' म्हणायचं, कुणी चुकून 'जातो' म्हणालं की म्हाताऱ्या ओरडतात. मोठ्यांना कळतं की चप्पल घातली, पिशवी घेतली, म्हणजे हा 'येतो' जाण्याचा आहे. गोष्टीतल्या बगळ्याने ना चप्पल घातली ना पिशवी घेतली. माशाने शब्दावर विश्वास ठेवला. चूक माझी.

1 जुलै

बगळ्याचा निरोप रद्द. आता तो फक्त "भुर्रर्र" म्हणतो आणि मूल स्वतः आठळी उचलून उडवतं.

तरी नवीन घोटाळा. पाचातले दोन उडवले, विचारलं किती राहिले, तर कमळ म्हणाली "दोन" आणि मूठ उघडून दाखवली. मुठीत दोन होत्याच. म्हणजे उत्तर तिला सापडलं होतं, प्रश्न वेगळा होता. होडीने उडवलेल्या दोन आठळ्या सतरंजीवर ठेवल्या आणि सगळ्या मिळून परत पाच मोजल्या. फुलीच्या फुग्यासारखंच झालं. गेलेली वस्तू डोळ्यांसमोर पडून राहिली तर ती गेली कुठे?

बगळ्यांना जायला जागा हवी. उद्या कोपऱ्यात टोपली ठेवते. झाड म्हणून.

3 जुलै

टोपली चालली. लांब ठेवली, चार पावलं चालत जायचं आणि बगळा झाडावर ठेवून परत यायचं. चालण्यामुळे गोष्ट हळू झाली, आणि हळू झाल्यावर परत आलेलं मूल आपोआप म्हशीकडेच बघतं. "म्हशीवर किती?" असाच प्रश्न ठेवला. 'राहिले', 'उरले', 'शिल्लक' सगळं बाजूला. घरोघरी शब्द वेगळे आहेत. पतंगची आजी 'बाकी' म्हणते, सशाकडे 'उरलं' फक्त रात्रीच्या भाताला म्हणतात.

8 जुलै

पाऊस. चार मुलं. गरम खिचडी आणि झोप.

11 जुलै

आजचा दिवस मोठा.

रविवारी भाचीशी फोनवर बोलले. तिने सांगितलं, मार्टिन ह्यूज नावाच्या ब्रिटिश संशोधकाने 1986 साली असं लिहिलंय की शाळेत न गेलेली मुलं डब्यातल्या ठोकळ्यांची लहान बेरीज-वजाबाकी बरीच बरोबर करतात. डबा झाकलेला असला तरी. पण तोच हिशोब नुसत्या आकड्यांत, "दोन आणि एक किती" असा विचारला की गप्प होतात. म्हटलं आपणही बघू.

बेसनाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. मुलांसमोर तीन आठळ्या आत टाकल्या, एकेक, आवाज येईल अशा. टण, टण, टण. झाकण लावलं. मग झाकण थोडं उघडून, त्यांना दिसेल अशी एक आठळी बाहेर काढली, परत झाकलं. "आत किती?"

नवांपैकी आठ मुलं आली होती (पतंगला ताप). सहा जणांनी दोन सांगितलं. छत्री बोलली नाही, पण तिने दोन बोटं वर केली, गुडघ्याआड लपवून. मला दिसली. बैल म्हणाला, "लय."

झाकण उघडून दाखवलं की जो आवाज झाला तो वहीत लिहिता येत नाही. त्यानंतर त्यांनी मला सोडलंच नाही, अकरा वेळा खेळलो.

मग मी डबा मागे ठेवला आणि माशाला विचारलं, "तीनातून एक गेला, किती?" मासा म्हणाला, "कोन गेला?"

बरोबरच आहे. कोण गेला? 'तीन' असा कुणी त्याच्या ओळखीचा नाही. तीन आठळ्या, तीन बगळे, तीन पोरं, हे त्याच्या ओळखीचे. "तीन बगळ्यांतला एक गेला" म्हटल्यावर, समोर काहीही नसताना, तो लगेच म्हणाला, "दोन ऱ्हायले." म्हणजे वस्तू हातात हवीच असं नाही, पण गोष्टीत कुणीतरी असायला हवं.

16 जुलै

बोक्याची गोष्ट केली. कागदाचे पाच बांगडे सुपात वाळत घातलेत आणि बोका एक खातो. मला वाटलं होतं मजा येईल, पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत सुक्या मासळीचा सगळ्यांना सराव आहे. छत्रीने पाचव्या बांगड्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. "नको खाऊ दे." ओठ थरथरायला लागले. बोक्याला हाकललं. पाचाचे पाच राहिले. गोष्ट बंद.

बगळा उडतो तेव्हा कुणाला वाईट वाटत नाही. तेवढं लक्षात ठेवायचं.

22 जुलै

फेरीबोट. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट सगळ्यांनी पाहिलेली आहे, निम्म्यांच्या मावश्या पलीकडे राहतात. वर्गात खडूने बोट आखली. वहिनींच्या ओढणीची साखळी पुढच्या बाजूला. पाच उतारू चढले, बैल चालवणारा. (मोजताना चालवणारा धरायचा नाही असं ठरलं. हे ठरवायला वीस मिनिटं गेली. होडीला डंपर व्हायचं होतं, तेही मान्य केलं.)

भोंगा वाजला, दाभोळ आलं, दोघं उतरली. "बोटीवर किती?" इथे टोपली नको, झाकण नको. उतरलेलं पोर पलीकडच्या भिंतीला टेकून उभं असतं आणि त्याला स्वतःला माहीत असतं की आपण उतरलो. कमळ, जी मुठीतले दोन दाखवत होती, तिने आज एकदाही गेलेले मोजले नाहीत. ती स्वतः उतरली होती म्हणून असेल.

मग सगळेच उतरले. "आता किती?" मला शून्य काढायचं होतं. 'कुणीच नाही' आलं की 'रिकामी' आणि मग हळूच 'शून्य', असं मनात ठरवलेलं.

सगळे म्हणाले, "एक!"

बैल बोटीत उभा होता. चालवणारा. मोजायचा नाही ठरलं होतं, पण बोट रिकामी म्हणायची आणि आत बैल उभा, हे कुणाला पटेना. बैल स्वतः तर फारच दुखावला. शेवटी त्यालाही चहा प्यायला खाली उतरवलं. तेव्हा कुठे "कोनीच नाय" मिळालं.

जेवताना मासा एकटाच बोटं मिटत बसला होता. पाच उघडी, दोन मिटली, तीन. परत उघडली. बोटांचं एक बरं असतं, गेलेली कुठे जात नाहीत, मिटून तिथेच बसतात आणि हवी तेव्हा परत येतात. मी हे शिकवलेलं नाही.

26 जुलै

मुख्यसेविका मॅडम (आमच्या अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या) आल्या होत्या. त्यांनी पाच ताटल्या आणि तीन राजगिऱ्याचे लाडू मांडून विचारलं, "ताटल्या लाडवांपेक्षा कितीने जास्त?" सगळी गप्प. घंटा म्हणाली, "पाच." त्या गेल्यावर मी तेच मांडलं आणि विचारलं, "प्रत्येक ताटलीत एक लाडू ठेवू. किती ताटल्यांना मिळणार नाही?" पाच जणांनी न ठेवताच दोन सांगितलं.

भाचीला कळवलं तर म्हणाली, टॉम हडसनने 1983 साली हेच पक्षी आणि अळ्यांवर करून पाहिलं होतं. 'पक्षी अळ्यांपेक्षा कितीने जास्त' हे लहान मुलांना जड जातं, 'किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही' हे सोपं जातं. आकडे तेच, चित्रही तेच. मॅडमना पुढच्या बैठकीत सांगणार आहे, त्यांना आवडेल. त्या स्वतः वर्गात खाली बसून खेळतात.

2 ऑगस्ट

पंगत. दगडी पाटी म्हणजे परात, त्यात दहा 'भाकऱ्या' (पुठ्ठ्याच्या, कडा करपवलेल्या, वहिनींचं काम). पणती वाढपी. चार ताटं.

खेळ सुरू व्हायच्या आत मला तो शब्द ऐकू आला. वाढणे. वाढप्याने भाकरी वाढली की परातीतली कमी होते. 'येतो'सारखाच हा दुसरा खोडा. पण या वेळी शब्द बदलला नाही. जेवण वाढणं मुलं रोज बघतात, बगळ्याच्या निरोपासारखं ते उपरं नाही. बघू म्हटलं काय होतं.

पणतीने प्रत्येकाला एक वाढली. परातीत किती? सहा, मोजून. मग तिने परत एकेक वाढली. परातीत? दोन. आता ताटांत? तिने ताटांतल्या भाकऱ्या मोजल्या: दोन-दोन बोटं ठेवत, पण आकडे एकेकच म्हणत, आठवर पोचली. मग थोडा वेळ परात आणि ताटं यांच्यामध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हितलं तितं गेलं."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

बगळे झाडावर गेले, उतारू दाभोळला गेले, तिथे आम्ही बघितलंच नाही. सगळं लक्ष मागे राहिलेल्यांवर. पंगतीत दोन्ही बाजू एकाच खोलीत होत्या. परातीतून उणी झालेली भाकरी ताटात अधिक झाली, आणि शब्दही तोच, वाढली. मला शाळेत बेरीज आणि वजाबाकी हे दोन वेगळे धडे होते, दोन महिन्यांच्या अंतराने. 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द मुळात अरबी, महसुलाच्या दप्तरांतून आलेले. काढलेलं आणि उरलेलं. दप्तरात एक रक्कम खाली लिहिली की दुसरीकडे जमा होतच असणार. आम्हाला मात्र नुसता हातचा पाठ.

पाटी संध्याकाळी पुसली नाही, तशीच ठेवली. उद्या पणती आल्यावर भाकऱ्या ताटांतून परातीत परत घ्यायला सांगणार.

3 ऑगस्ट

परत घेतल्या. दहा झाल्या. पणती म्हणाली, "मग काय!" मला वाटलं होतं ती चकित होईल.

6 ऑगस्ट

कुठवर आलो त्याची नोंद. डबा झाकून, पाचापर्यंत: मासा, पणती, कमळ, होडी बहुतेक वेळा बरोबर. तीनापर्यंत: ससा, घंटा, पतंग. बैल समोर दिसत असेल तरच. छत्री बोटांनी उत्तर देते, आवाजाने नाही, आणि तिची बोटं सहसा चुकत नाहीत. घंटाचे पन्नास आकडे हळूहळू तिच्या कामी यायला लागलेत, आता पाच मागितले की मूठ भरत नाही.

फुलीच्या फुग्यांचा तक्ता परत दाखवला. मासा म्हणाला, "फुटले काय?" मी हो म्हटलं. "मग तीन." चित्रात गोष्ट नव्हती, त्याने स्वतः घातली. वजाबाकीचं चिन्ह दाखवलं नाही. त्याला पहिली आहे.

20 ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. होडी आणि माशाच्या घरचे खाडीवर नारळ सोडायला गेले होते, त्यामुळे आज दुसरा विषय निघणारच नव्हता. वहिनींनी चार नारळ आणले. "चारातला एक वाढवला. किती राहिले?"

इथली मुलं नारळ 'वाढवणं' जन्मापासून ऐकतात, फोडणं हा शब्द नारळाजवळ वापरायचा नाही हेही त्यांना माहीत आहे. त्यामुळे 'वाढवला' म्हणजे एक जास्त झाला असं समजून पाच म्हणायला कुणी गेलं नाही. मी त्याच्यासाठी तयारीत होते. उत्तरं वेगळीच आली. तिघं म्हणाली तीन. मासा म्हणाला, "तीन आनि दोन वाट्या." ससा म्हणाली, "पाच," आणि दाखवून मोजले: तीन नारळ, दोन वाट्या. बैल म्हणाला, "पानी सांडलं."

कुणाला चूक म्हणू? फुटलेला नारळ गेलेला नाही, समोर आहे, उलट दोन झालाय. फुटण्या-मोडण्याच्या गोष्टी वजाबाकीला घ्यायच्या नाहीत, निदान या वयात. निघून जाणाऱ्यांच्याच घ्यायच्या. (फुटलेले फुगे माशाला चालले कारण फुगा फुटला की काहीच उरत नाही. नारळाचं सगळं उरतं.) खोबरं खिचडीत घातलं.

13 सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. आज हजेरी पूर्ण, आवाज बसलेले, दोघांच्या कपाळावर कालचा गुलाल. पोषण ट्रॅकरची (मोबाइलवरच्या सरकारी ॲपची) नोंद आटोपेपर्यंत त्यांनी आपणहून फेरीबोट आखली होती, पण आज ती मुंबईची एस.टी. होती. चाकरमानी चढत होते. चढणाऱ्याला मागे राहिलेल्याने हात हलवायचा, असा नियम कुणी केला माहीत नाही.

छत्री माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ नुसती बसली. मग हळू आवाजात, पण आवाजात, म्हणाली, "ताई, आमच्याकडे सात होते. आता तीन."

"कोण गेलं?"

"काका, काकी, दादा, बाळ. येतो म्हनले." थोडं थांबून, "गेले."

"आणि घरी कोण?"

तिने बोटं मिटत सांगितलं. आजी, आई, पपा. तीन. बरोबर बसलं.

संध्याकाळी तिची आजी न्यायला आली तेव्हा मी कौतुकाने सांगितलं. आजीने मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाली, "सात नाय हो ताई, आठ होतो आमी. आता चार. ही सोताला मोजतच नाय."